एकशे चौदा नंबरचा दगड

या घराला मळलेला दगड बघवत नाही. तीन पिढ्या दगड कापून, घासून, पॉलिश मारून लोकांच्या ओट्यांवर आणि बँकांच्या जिन्यांवर बसवण्यात गेल्या, त्यामुळे नजरच तशी होऊन बसलेली. अख्खा डोंगर समोर उभा केला तरी यांच्या मनात आधी हेच येणार, की हा घासला तर चकाकी किती येईल. तेव्हा शनिवारी सकाळी साडेसातला विश्रामगृहाच्या जेवणघरात जे झालं त्याचं कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. तरी सगळ्यांनी अगदी मनापासून नवल वाटून घेतलं.

दारात ती मुलगी उभी होती. या घराच्या ट्रस्टच्या पैशांवर या सरकारी राखीव डोंगरात भूशास्त्राचं काम शिकणारी इंटर्न, सलग तिसरा हंगाम. गळ्यात भिंग, काखेत पिवळी वही, पायात ट्रस्टनेच दिलेले बूट. बूट चिखलाने भरलेले होते आणि दादांच्या सुनेची नजर आधी तिकडेच गेली.

"माझे दगड कोणी धुतले?" मुलीने विचारलं.

घरात थोरल्या असलेल्या दादांनी उकडलेल्या अंड्यावर मीठ भुरभुरवलं. ट्रस्टचे अध्यक्ष झाल्यापासून त्यांना एक सवय लागली होती. प्रश्न अवघड असला की तो त्यांना नीट ऐकू येत नसे.

"बस ना. चहा घेतेस?"

"मी चार दिवस पलीकडच्या कड्यावर हद्दीचे दगड मोजत होते. आत्ता खाली येतेय. उतारावरच्या घसाऱ्यातले, वाटेच्या बाजूचे त्र्याऐंशी दगड कुणीतरी तारेच्या ब्रशने घासलेत. वर ॲसिड मारलंय. अजून वास येतोय."

"अगं, मस्त स्वच्छ झालेत," भाऊ म्हणाले. दादांचे धाकटे भाऊ, फॅक्टरी त्यांच्याकडे. "चारला कार्यक्रम. पाहुणे यायचेत. किती घाण चढली होती त्यांच्यावर!"

"ते दगडफूल होतं."

"तेच म्हणतोय मी."

"मी तीन वर्षं तेच मोजत होते," मुलगी म्हणाली.

टेबलाच्या टोकाला बसलेली आत्या एकदम हसली. ते हसू चांगलं नव्हतं. आत्या म्हणजे दादांची धाकटी आणि भाऊंची थोरली बहीण. वय सदुसष्ट, आणि दादा तिला अजून बेबी म्हणतात. ट्रस्टवर तीही होती, पण तिचं काम बहुधा ठरावाच्या खाली सही करण्याचं.

"ऐकलंस का रे भाऊ?" ती म्हणाली. "तीन वर्षं आपण हिला पगार दिला, बूट दिले, आणि तिने जे मोजलं ते आपणच दोन दिवसांत खरवडून टाकलं. याला म्हणतात दान."

"बेबी, सकाळी सकाळी नको," दादा म्हणाले.

दान या तिघांच्या वडिलांचं, अण्णांचं होतं, हे इथे सांगून टाकलेलं बरं, कारण या घरात ते हल्ली कुणी सांगत नाही. त्र्याण्णवाव्या वर्षी जाताना अण्णांनी खाणीतला आपला हिस्सा ट्रस्टला देऊन टाकला. सार्वजनिक जमिनीवर काम शिकणाऱ्या भूशास्त्राच्या मुलांना दरमहा पाठ्यवेतन, राहायला खोली आणि बूट. बुटांचं मृत्युपत्रात वेगळं कलम होतं. अण्णांच्या मुलांनी त्या वेळी डोक्याला हात लावला, म्हातारपणी बुद्धी फिरली म्हणाले, वकिलाकडेही जाऊन आले. कायद्यापुढे काही चालेना, तेव्हा त्यांना दानाची गोडी लागली. माहितीपत्रक निघालं, मुखपृष्ठावर दादा हातात हातोडी घेऊन. हातोडी उलटी धरली होती, पण ते ओळखणारा माणूस छापखान्यात नव्हता. दरवर्षी इंटर्नकडून आभाराचं पत्र घ्यायची प्रथा सुनेने पाडली आणि त्याचा नमुनाही तीच पाठवायची. या मुलीने मागच्या वर्षी नमुना बाजूला ठेवून दोनच ओळी लिहिल्या होत्या. "बूट चांगले आहेत. उतार घसरडा आहे."

आज त्याच उताराच्या पायथ्याशी, अण्णा म्हातारपणी दर वर्षी येऊन ज्या दगडावर बसत, त्या दगडावर अण्णांच्या नावाची पितळी पाटी उघडायची होती.

मुलगी अजून उभीच होती. तिच्यामागून अधिकारी बाई आत आल्या. या राखीव क्षेत्राचा कारभार त्यांच्याकडे. त्यांनी कुणाची विचारपूस केली नाही, सरळ एक फॉर्म टेबलावर ठेवला.

"मी वर जाऊन आले," त्या म्हणाल्या. "नुकसान मोठं आहे. त्या उताराचा संशोधन-परवाना हिच्या नावावर आहे, आणि आखलेल्या हद्दीत जे बिघडेल त्याला परवानाधारक जबाबदार, असा नियम आहे. दुसऱ्या कुणी केलं असेल तर त्याने तसं लिहून द्यायचं. पाचपर्यंत मला अहवाल वर पाठवायचाय."

"आणि कुणी लिहून नाही दिलं तर?" भाऊंनी सहज विचारावं तसं विचारलं.

"तर परवाना रद्द. पाच वर्षं हिला कुठल्याही सार्वजनिक जमिनीवर काम करता येणार नाही."

"पाच वर्षं म्हणजे संपलंच की," मुलगी म्हणाली. आवाज स्थिर होता पण वही तिने छातीशी धरली होती. "डोंगर सगळे सार्वजनिकच असतात."

"एका ओळीचं काम आहे," अधिकारी बाई दादांना म्हणाल्या. "ट्रस्टने धुतले, अमुक तारखेला, अमुक वापरून. दंड होईल, फार नाही."

"आम्ही आपसांत बोलतो," दादा म्हणाले. ट्रस्टच्या अध्यक्षांना अखेर ऐकू आलं होतं.

दोघी बाहेर गेल्या. दार लावून घेतलं गेलं.

*

सुनेला वाटलं होतं की आता सासरे विचारतील, काय झालं? कसं झालं? मग ती सांगेल. ती सांगणारही होती. फोटोग्राफर मंगळवारी जागा बघून गेला आणि म्हणाला की मागे फारच डागाळलेलं दिसतंय. तिलाही ते दिसत होतं, दगडांना खरूज झाल्यासारखं. म्हणून तिने फॅक्टरीच्या फोरमनला फोन केला. यात लपवण्यासारखं काय आहे? गेली सहा वर्षं ट्रस्टचं पत्रक तीच काढते, पाहुण्यांची यादी तीच करते, आणि नवरा परदेशातून "छान चाललंय" एवढा निरोप पाठवतो.

पण कुणी विचारलंच नाही.

"पत्र द्यायचा प्रश्नच येत नाही," भाऊ म्हणाले. "खाणीच्या परवान्याचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. सरकारी जमिनीवर नुकसान केलं असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं? लगेच फाइलला लागेल ते."

"माणसं तुझी, मशीन तुझं, ॲसिड तुझं," आत्या म्हणाली.

"मला काय माहीत कशासाठी हवंय? सूनबाईंनी मागितलं, मी पाठवलं. मला वाटलं चबुतरा धुवायचाय."

"काका, तुम्हीच म्हणालात, जोरात फवारा मारा, नाहीतर निघणार नाही."

"मी सर्वसाधारण बोललो!"

"सर्वसाधारण ॲसिड," आत्या म्हणाली.

भाऊंनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. त्यांना एक कल्पना सुचली होती आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर आधीच दिसू लागली होती. "तसं बघितलं तर त्या मुलीनेच नमुने घेताना खरवडलं नसेल कशावरून? ती असतेच तिथे दिवसभर. तिच्याकडे ब्रश असतो, मी बघितलाय."

"दात घासायचा असतो तो, भाऊ. धूळ झटकायला. त्याने त्र्याऐंशी दगड घासायला तिला तुझ्या वयाचं व्हावं लागेल."

"मी शक्यता सांगतोय."

"चोराच्या उलट्या बोंबा सांगतोयस."

दादांनी हात वर केला. "वाद नको. आपण त्या मुलीचं नुकसान होऊ द्यायचं नाही. अण्णांना ते आवडलं नसतं." क्षणभर सुनेला बरं वाटलं. "बंदी कुठे येणार? सार्वजनिक जमिनीवर. आपली खाण काही सार्वजनिक नाही. तिला आपण फॅक्टरीच्या लॅबमध्ये घेऊ. पगार जास्त देऊ. बूटही देऊ."

भाऊंनी मान डोलावली. "उलट तिचं भलंच होईल."

"म्हणजे डोंगर वाचायला निघालेल्या पोरीला ओट्याचे नमुने घासायला लावायचं," आत्या म्हणाली, "आणि पत्रकात तिचा फोटो छापायचा. खाली लिहायचं, आमची यशोगाथा."

सुनेला हसू आलं ते तिने दाबलं. आत्याचं आणि तिचं कधी पटलं नव्हतं. आत्या तिच्या पत्रकांना गुळगुळीत थापा म्हणायची आणि ती आत्याला मनातल्या मनात उंटावरची शहाणी.

"आणि समजा," दादा सुनेकडे न बघता म्हणाले, "उद्या कुणी खोलात गेलंच, तर आपण म्हणू की घरातल्या एका व्यक्तीने परस्पर केलं. ट्रस्टचा तसा ठराव नव्हता. बरोबर ना, सूनबाई?"

आता सुनेला कळलं की मघापासून आपल्याला काहीच का विचारलं जात नव्हतं. जिचा बळी द्यायचा तिचं मत कोण घेतं?

"बरोबर, बाबा," ती म्हणाली. सहा वर्षांची सवय होती.

आत्याने चहाचा कप पालथा घातला आणि ती उठून बाहेर गेली.

*

घसारा म्हणजे डोंगराच्या खांद्यावरून सुटून आलेल्या दगडांचा उतार. लांबून बघितला तर कुणी वरून टोपली उपडी केल्यासारखा दिसायचा. आज त्याचा वाटेकडचा भाग फिक्कट पांढरा पडला होता आणि उरलेला काळपट हिरवा होता. त्या दोहोंच्या मधोमध मुलगी बसली होती.

आत्या धापा टाकत तिच्याजवळ पोचली. "पोरी, मला समजेल असं सांग. यातून तुला काय कळायचं?"

मुलीने एका न धुतलेल्या दगडावर बोट ठेवलं. तिथे राखाडी हिरवा गोल डाग होता, बटणाएवढा. बाजूला पांढऱ्या रंगात बारीक आकडा.

"दगड पडला की त्याची ताजी बाजू उघडी होते. पाचेक वर्षांनी हे दगडफूल तिथे धरतं. मग वर्षाला अर्धा मिलिमीटर वाढतं. घाई नाही, खाडा नाही. त्यामुळे सगळ्यात मोठा डाग मोजला की दगड कधी पडला ते कळतं."

"अर्धा मिलिमीटर हे तुला कुणी सांगितलं?"

"हद्दीच्या दगडांनी. त्यांच्यावर साल कोरलेलं असतं. त्यांच्यावरचे डाग मोजले, भागाकार केला. पण इथे तेवढाच वेग आहे का ते बघायला तोच डाग दोन वर्षांनी पुन्हा मोजावा लागतो. ते या आठवड्यात करायचं होतं." तिने पांढऱ्या उताराकडे बघितलं. "वाट इथून न्यायची की हलवायची, ते त्यावर ठरणार होतं. लोक चालतात ना इथून. मुलं चालतात."

"आणि आपली पाटी तिथेच, बरोबर वाटेवर." आत्या खाली बसली. "काय निघालं होतं मग? कधी पडलेत हे?"

"वरचे थोडे थोडे पडत आलेत, शंभर-दीडशे वर्षं. पण हे धुतलेले..." मुलीने वही उघडली. "या त्र्याऐंशींवर सगळीकडे सतरा मिलिमीटरच्या आसपास होतं. दोन वर्षांपूर्वी. म्हणजे हे सगळे एका दमात पडलेत. आजपासून एक्केचाळीस वर्षांपूर्वी. पावसाने असं होत नाही, थोडं थोडं येतं. मी अहवालात कारण अज्ञात लिहिलं."

आत्याने वही आपल्याकडे ओढून तो आकडा स्वतः वाचला.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी ती सव्वीस वर्षांची होती आणि अण्णांच्या ऑफिसात टाइपरायटरवर बसायची. खाण तेव्हा या डोंगराच्या मागच्या अंगाला, सरकारी हद्दीला अगदी खेटून होती. दादा नुकते धंद्यात शिरलेले, बापापेक्षा जास्त माल काढून दाखवायची घाई झालेली. त्यांनी सुरुंगात दुप्पट दारू भरली. अलीकडच्या सरकारी जमिनीवर डोंगराचा अर्धा खांदा खाली आला. नशिबाने तिथे त्या वेळी कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी तिला पत्र सांगितलं आणि तिने ते टाइप केलं. "अतिवृष्टीमुळे दरड कोसळली असून आमच्या कामाचा तिच्याशी संबंध नाही." तीन प्रती. अण्णांनी सही केली, दादांनी ते पत्र पोचवलं, आणि त्या महिन्यात ती वाळवी लागू नये म्हणून रोज गच्चीवर उन्हात पुस्तकं पसरत होती.

पुढे अण्णा दर वर्षी इथे येऊन त्या एका दगडावर बसायचे. घरचे म्हणायचे, म्हाताऱ्याला हवा मानवते. आत्याही म्हणायची. खरं काय ते तिला ठाऊक होतं आणि ती मूग गिळून बसली होती, भावांना टोमणे मारत, जणू टोमणे मारले की आपण त्यांच्यातले नाही. तिला स्वतःची शिसारी आली.

"हा अहवाल ट्रस्टकडे आला होता?" तिने विचारलं.

"उन्हाळ्यात पाठवला. अध्यक्षांच्या नावाने."

म्हणजे दादांनी वाचला होता. दगड धुवायला त्यांनी सांगितलं नसेल, तेवढी कल्पकता त्यांच्यात नाही. पण धुतले गेल्यावर मनातून सुटलो म्हणाले असणार. आत्याला आता सकाळची ती शांतता कळली, अंड्यावर मीठ भुरभुरवणारी.

"अण्णा बसायचे तो दगड कितवा?"

"एकशे चौदा. तो यांच्यातला सगळ्यात चांगला होता. डाग मधोमध, स्वच्छ कडेचा." मुलीने खाली बघितलं. पायथ्याशी जांभळ्या पडद्याने झाकलेला दगड दिसत होता. "पाटी बसवायची म्हणजे आधी तोच घासला असणार."

"नाही," मागून आवाज आला.

सून उंच टाचांच्या चपला हातात घेऊन अनवाणी वर चढून आली होती. घसाऱ्यावर तिला या अवस्थेत कुणी बघितलं असतं तर पत्रकात छापता आलं नसतं.

"पाटी आधी बसवली," ती म्हणाली. "बुधवारी. धुतलं गुरुवार-शुक्रवारी. फोरमन म्हणाला, पितळेला ॲसिड लागलं तर काळं पडेल, म्हणून पाटीवर प्लास्टिक गुंडाळून कडा टेपने बंद केल्या. मी स्वतः उभी होते. खाली रबराचे वॉशर घातलेत, पाटी दगडाला टेकलेलीसुद्धा नाही."

पाटीखालचा डाग वाचला असणार, हे मुलीच्या सगळ्यात आधी लक्षात आलं, पण ती बोलेना. ती इंटर्न होती, आणि पाटी देणगीदारांची होती.

"तू हे मला का सांगतेस?" आत्याने सुनेला विचारलं.

"परस्पर करणारी व्यक्ती मी ना? मग हेही परस्परच."

आत्याने तिच्याकडे नीट बघितलं, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच. "पाना आहे का कुणाकडे?"

"माझ्या पिशवीत आहे," मुलगी म्हणाली.

"ठेव तो तिथेच. तू हात लावायचा नाहीस, तुझा परवाना आहे. माझा कसला परवाना? मीच काढून घेते."

*

चार वाजता सगळं यथास्थित होतं. खुर्च्या, माइक, पाणी, पंधरा-वीस पाहुणे, दोन कॅमेरे. भाऊ फोरमनला म्हणाले की दगड काय उजळलेत बघ, आणि फोरमनने घसा साफ केला. आत्या पहिल्या रांगेत मांडीवर शाल पसरून बसली होती, ऊन असून. तिच्या शेजारी सून. दोघी शेजारी बसलेल्या बघून दादांना समाधान वाटलं, घर एक आहे असं दिसत होतं.

मुलगी मागे उभी होती. अधिकारी बाईंच्या हातात तो फॉर्म होता, अजून कोरा.

दादा बोलायला उभे राहिले. निसर्ग ही आपली खरी शाळा आहे म्हणाले. दगड बोलतात, पण ऐकणारा कान हवा, म्हणाले. तरुण पिढीच्या पाठीशी हे घराणं डोंगरासारखं उभं राहील, असंही म्हणाले, आणि ज्यांनी उभं राहायला सकाळी साफ नकार दिला होता त्या भाऊंनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. मग दादांनी पडद्याची दोरी ओढली.

पडदा खाली आला. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या.

पाटी नव्हती. पांढऱ्याफेक घासलेल्या दगडाच्या मधोमध एक काळपट हिरवा चौकोन होता, पाटीच्या मापाचा. कडा पट्टीने आखल्यासारख्या. चार कोपऱ्यांना चार भोकं. आणि आत, बरोबर मधे, राखाडी हिरवा एक गोल डाग, शेजारी पांढऱ्या रंगात बारीक अक्षरांत ११४.

"पाटी कुठाय?" दादा फोरमनवर ओरडले. माइक चालू होता.

"माझ्याकडे आहे," आत्या म्हणाली. तिने शाल बाजूला केली. अण्णांचं नाव उन्हात चमकलं. "आपलं ठेवायचं झाकून, हे आपल्या घरात फार झालं, दादा. म्हटलं एकदा उघडून बघू."

अधिकारी बाई पुढे आल्या आणि दगडापाशी वाकल्या. त्यांनी चौकोनाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं, मग बाहेरच्या. ज्याने पाटी लावली त्यानेच भोवतीचं धुतलं, हे समजायला भूशास्त्र लागत नव्हतं.

"पाटी कधी बसवली?" त्यांनी विचारलं.

दादांना ऐकू आलं नाही. भाऊ वरच्या कड्याकडे बघायला लागले.

"बुधवारी," सून उठून म्हणाली. "आणि धुतलं त्यानंतर, आमच्या माणसांनी. मी सांगितल्यावरून, काकांच्या मशीनने. ट्रस्टच्या कार्यक्रमासाठी. सही मी करते."

"सूनबाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय..."

"कळतंय, बाबा. तुम्हीच सकाळी समजावलंत."

अधिकारी बाईंनी फॉर्म दगडावरच टेकवून भरला. परवानाधारक जबाबदार नाही, एवढं लिहिलं आणि सहीसाठी तो सुनेपुढे केला. सही झाली तेव्हा मुलीने श्वास सोडला, तो पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आला. मग ती पुढे आली, कुणाची परवानगी न घेता गुडघ्यांवर बसली आणि डागाला मोजपट्टी लावून तिने भिंगातून बघितलं. खूप वेळ बघितलं.

"अठरा," ती म्हणाली. "दोन वर्षांत बरोबर एक मिलिमीटर. माझा वेग बरोबर होता." तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "म्हणजे एक्केचाळीसच."

"एक्केचाळीस काय?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"हा दगड पडला त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. हे सगळे एकाच दिवशी पडलेत. कारण मला सापडलं नाही."

"ऑफिसच्या जुन्या फाइलमध्ये असेल," अधिकारी बाई म्हणाल्या. "अतिवृष्टी वगैरे काहीतरी पत्र आहे खरं."

दादा आत्याकडे बघत होते. "बेबी," ते हळूच म्हणाले. लहानपणी काही फोडलं की असेच म्हणायचे, आणि ती गप्प बसायची.

आत्याने पाटी खुर्चीवर पालथी ठेवली आणि ती उभी राहिली.

"ते पत्र मी टाइप केलंय," ती अधिकारी बाईंना म्हणाली. "तुमचा पेन उघडाच आहे, तर लिहून घ्या. त्या महिन्यात पाऊस पडलाच नव्हता."